समुद्राच्या पोटांतील पहिली बुडी

दिवाळीची व नाताळाची सुटी लागली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांचीं पुष्कळ कुटुंबें कोंकणांत उतरतात, आणि सुटी संपून शाळा भरली कीं, पहिल्याच आठवड्याच्या निबंधांत मालवणचा समुद्र हटकून येतो. पूर्वीं त्या निबंधांत सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू व सोलकढी एवढेंच असे. अलीकडे त्यांत एक नवीन वाक्य आढळूं लागलें आहे : "आम्ही पाठीवर ऑक्सिजनची टाकी बांधून समुद्रांत बुडी मारली." या वाक्यांत शास्त्राची एक चूक आहे, तिच्याकडे आम्ही पुढें येऊंच. परंतु बुडीपूर्वीं काय शिकविलें गेलें, कोणते प्रश्न विचारले गेले, कोणत्या कागदावर कोणीं सही केली, याविषयीं त्या निबंधांत एक अक्षरहि नसतें. घरच्या वडील मंडळींस विचारावें, तर त्यांनाहि तें सांगतां येत नाहीं. पैसे भरले, होडींत बसलों, जाकीट चढविलें, खालीं गेलों, फोटो निघाले, वर आलों, इतकेंच त्यांस स्मरतें. सुदैवानें बहुतेकांचें यांत कांहीं बिघडत नाहीं. तथापि ज्यांचें बिघडतें त्यांचें बहुधा पाण्यांत शिरण्यापूर्वींच बिघडलेलें असतें, अशी आमची खात्री झाली आहे.

ही बुडी वाईट, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्या प्रवाळांचीं व माशांचीं चित्रें आपण शास्त्राच्या पुस्तकांत पाहतों, त्यांपैकीं कांहीं आपल्याच किनाऱ्याजवळ जिवंत पाहावयास मिळावीं, हें मोठें भाग्य होय. शिवछत्रपतींनीं इ. स. १६६४ मध्यें ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या भोंवतालच्या खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे, आणि इ. स. १९८७ मध्यें या परिसरास सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें आहे. तें पाहावयास अवश्य जावें. बायबलांतील योना संदेष्टा कोणत्याहि पूर्वतयारीवांचून समुद्राच्या पोटांत गेला खरा. पण तो स्वखुषीनें गेला नव्हता, व त्याची काळजी वाहणारा निराळा होता. आपण स्वखुषीनें जातों. तेव्हां आपली तयारी आपणच केली पाहिजे.

आमची स्वतःची पहिली बुडी फसली. तिची हकीकत सांगण्यास थोडा संकोच वाटतो. पण प्रस्तुत लेख तींतूनच निघाला असल्यामुळें ती सांगणें भाग आहे. त्या दिवशीं आम्हांस पडसें झालें होतें. होडींत बसण्यापूर्वीं जो छापील कागद भरून घेतात, त्यांत सर्दीपडशाविषयीं स्पष्ट प्रश्न होता. पैसे अगोदर भरलेले, बरोबरची मंडळी खोळंबलेली, आणि एवढ्याशा पडशाचें तें काय, अशा विचारानें आम्हीं "नाहीं" असें लिहिलें. प्रशिक्षकानें होडीवर तोच प्रश्न तोंडी विचारला. तेव्हांहि आम्हीं मान हालविली. पुरुषभर पाण्यांत जातों न जातों तोंच कान दडपल्यासारखे झाले. आणखी हातभर खालीं गेलों, आणि डाव्या कानांत तापलेली सळई घालावी तशी कळ उठली. आमचा चेहरा पाहून प्रशिक्षकानें आम्हांस हळूहळू वर आणलें. होडीवर तो तरुण रागावला नाहीं, एवढेंच म्हणाला, "सर, दर्यो खंय पळान जाणा नाय. पुढच्या येळाक येवा." पुढें आठ दिवस आमचा तो कान बंद होता, व मागच्या बाकांवरील कुजबुज आम्हांस ऐकूं येईनाशी झाली, ही गोष्ट आमच्या वर्गाच्या लक्षांत यावयास वेळ लागला नाहीं. दोष सर्वस्वीं आमचाच होता.

आतां मूळ विषयाकडे वळूं. 'स्कुबा' हा शब्द इंग्रजीतील पांच शब्दांच्या आद्याक्षरांचा बनलेला असून, पाण्याखालीं श्वास घेण्याचें स्वयंपूर्ण साधन, असा त्याचा भावार्थ आहे. पूर्वींच्या पाणबुड्यास वरच्या तारवांतून नळीनें हवा पुरवीत. त्यामुळें तो दाव्यास बांधलेल्या गुरासारखा एका परिघांतच हिंडे. इ. स. १९४३ मध्यें फ्रान्समधील नौदलाचे अधिकारी जाक कूस्तो व अभियंते एमिल गान्यां या दोघांनीं असें एक यंत्र सिद्ध केलें कीं, पाणबुड्यानें श्वास ओढतांच त्याच्या पाठीवरील सिलिंडरांतून, तो ज्या खोलीवर असेल त्या खोलीच्या दाबाइतकीच हवा त्याच्या तोंडांत यावी. याच यंत्राच्या सुधारलेल्या रूपास आज रेग्युलेटर म्हणतात. "त्या खोलीच्या दाबाइतकी" हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावेत. सगळी गोम त्यांतच आहे.

आपण जमिनीवर वावरतों तेव्हां हवेच्या एका महासागराच्या तळाशींच उभे असतों, व त्या हवेचा भार सदैव अंगावर वाहतों. यास एक वातावरणाचा दाब म्हणतात. समुद्रांत १० मीटर खालीं गेलें कीं तेवढाच आणखी एक भार वर चढतो. म्हणजे दाब दुप्पट होतो. २० मीटरांवर तिप्पट, ३० मीटरांवर चौपट. आपलें शरीर बहुतांशीं पाण्याचेंच असल्यामुळें हात, पाय, पोटऱ्या यांना हा दाब जाणवत नाहीं. जाणवतो तो शरीरांतील पोकळ्यांना : कानाच्या पडद्यामागील कोठडी, नाकाच्या बाजूंच्या हाडांतील पोकळ्या, फुप्फुसें, आणि क्वचित् एखादा किडलेला व नीट न भरलेला दांत. रॉबर्ट बॉइल यानें इ. स. १६६२ मध्यें जो नियम प्रसिद्ध केला व जो आमचे विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात, तो असा कीं, तपमान तेंच असतां वायूवरील दाब दुप्पट झाला तर त्याचें आकारमान निम्में होतें. हा नियम प्रयोगशाळेंतील काचनळींत जितका खरा, तितकाच आपल्या कानांत व छातींतहि खरा आहे. पहिली बुडी मारणारास धोका असतो तो मुख्यतः पाण्यापासून नव्हे, तर स्वतःच्या अंगांतील हवेपासून, हें एकदां नीट उमजलें म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप उलगडत जातात.

प्रथम कानाचें पाहूं. कानाचा पडदा करंगळीच्या नखाएवढा व कागदासारखा पातळ असतो. त्याच्या आंतील कोठडी एका अरुंद नळीनें घशाच्या मागील भागाशीं जोडलेली आहे; पण ही नळी एरव्हीं मिटलेली असते. तीन मीटर पाण्यांत बाहेरून त्या इवल्याशा पडद्यावर सुमारें दीडदोनशें ग्रॅम वजन ठेविल्याप्रमाणें भार पडतो. आंतून तितकाच प्रतिकार न मिळाला तर पडदा आंत ओढला जातो, दुखतो, आणि हट्ट धरल्यास फाटतो. यावर उपाय सोपा आहे. नाक दोन बोटांनीं चिमटून, तोंड मिटून, अगदीं हलक्या हातानें नाकांतून श्वास सोडल्याचा प्रयत्न करावा. कानांत बारीकसा 'टक्' आवाज होऊन आंतबाहेर दाब सारखा होतो. इटलींतील शरीरशास्त्रज्ञ आन्तोनिओ वाल्साल्वा यानें इ. स. १७०४ मध्यें कानावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत ही युक्ति आली असून तिला त्याचेंच नांव पडलें आहे.

परंतु या युक्तीचा मुहूर्त चुकतां कामा नये. कान दुखूं लागल्यावर ती करूं नये, दुखण्यापूर्वींच करावी. पाण्याच्या पृष्ठभागावर एकदां, नंतर दर हात-दीड हात उतरल्यावर पुन्हां पुन्हां. एकदां दाब वाढून ती नळी घट्ट चिकटली कीं जोर करूनहि उघडत नाहीं, आणि जोर करणें हेंच मुळीं घातक. त्यानें अंतःकर्णास इजा होऊन बहिरेपण येऊं शकतें. कान मोकळा होत नसेल तर थोडें वर यावें, पुन्हां हलकेच प्रयत्न करावा. तरीहि न झाल्यास त्या दिवसाची बुडी तेथेंच संपली असें समजावें. पडसें असतां ही नळी सुजलेली असते, म्हणूनच तो प्रश्न त्या कागदावर छापलेला असतो. कित्येक लोक नाकांत औषध घालून किंवा गोळी घेऊन वेळ मारून नेतात. तें तर फारच वाईट. कारण औषधाचा अंमल पाण्याखालीं असतांनाच उतरला तर आंतील हवा वर येतांना कोंडून बसते, आणि मग वर येणेंहि कठीण व खालीं राहणेंहि अशक्य, अशी अवस्था होते. कानांत बोळे घालून तर कधींच उतरूं नये. बोळा व पडदा यांच्यामध्यें एक नवी कोंडलेली पोकळी मात्र निर्माण होते. ही सारी युक्ति घरीं आरशापुढें बसून आठवडाभर आधीं करून पाहतां येते, तीस समुद्र लागत नाहीं. ज्या मुलास ती घरीं साधत नाहीं, त्याचे कान पालकांनीं कानाच्या डॉक्टरांस दाखवावेत.

कानाहून मोठी गोष्ट फुप्फुसांची. आमच्या विद्यार्थ्यांत पट्टीचे पोहणारे पुष्कळ आहेत. गांवच्या विहिरींत फेंकलेलें नाणें तळाशीं जाऊन दातांत धरून आणणारे वीरहि आम्हीं पाहिले आहेत. या वीरांस आमचें विशेष सांगणें आहे. कारण या एका बाबतींत नवशिक्यापेक्षां त्यांनाच धोका अधिक. विहिरींत बुडी मारणारा मुलगा काठावर छातीभर श्वास घेतो व तो कोंडून खालीं जातो. खालीं त्याच्या छातींतील हवा दबून लहान होते. वर येतांना ती पुन्हां फुगून मूळच्या आकारास येते, त्याहून अधिक फुगत नाहीं. म्हणून श्वास कोंडूनहि तो सुखरूप राहतो. स्कुबाच्या बुडींत हिशेब निराळा आहे. तेथें श्वास काठावर घेतलेला नसतो. तो खालीं, त्या खोलीच्या दाबाइतक्या दाटलेल्या हवेचा घेतलेला असतो. १० मीटरांवर कोणीं छातींत सहा लिटर हवा भरून घेतली, व ती कोंडून तो वर आला, तर ती पृष्ठभागाशीं बारा लिटर जागा मागते. आणि छातींत बारा लिटरांस जागा नाहीं. फुप्फुसाचे नाजुक पदर फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तांत शिरतात, मेंदूपर्यंत जातात, आणि मनुष्य पाण्याबाहेर येतां येतांच बेशुद्ध पडतो.

"आम्ही फार खोल जात नाहीं" असें किनाऱ्यावर हमेशा सांगण्यांत येतें. तें खरेंहि असतें. पहिली बुडी बहुधा पांच ते दहा मीटरांचीच असते. परंतु वाचकांनीं हिशेब करून पाहावा. २० मीटरांवरून १० मीटरांवर येतांना कोंडलेली हवा दीडपटच होते. १० मीटरांवरून पृष्ठभागावर येतांना मात्र ती दुप्पट होते. म्हणजे शेवटचा, उथळ भागच अधिक दगलबाज ठरतो. पूर्ण भरलेली छाती कोंडून दीड मीटरहूनहि कमी वर आल्यास इजा होऊं शकते. यास्तव या विद्येचा पहिला नियम असा आहे : रेग्युलेटर तोंडांत असतां श्वास कधींहि कोंडूं नये. सावकाश घ्यावा, सावकाश सोडावा, पण तो चालूच ठेवावा. माणूस दचकला, मास्कमध्यें पाणी शिरलें, एखादा मासा अंगावरून गेला, कीं श्वास आपोआप अडतो. विहिरीवर मुरलेला मुलगा तर तो संवयीनेंच कोंडतो. ही संवय मोडण्याचा सराव कंबरभर पाण्यांत उभें राहून, तोंडानें श्वास घेऊन व मोठ्यानें फुस्स करून सोडून, आधींच करावा लागतो. आणि घाबरून सुसाट वर येणें हें तर सर्वांत वाईट. आपल्याच तोंडांतून सुटलेल्या बारीक बुडबुड्यांहून मंद गतीनें वर यावें, असें जुने जाणते पाणबुडे सांगतात. हल्लीं मिनिटास नऊ मीटरांहून अधिक वेग नसावा असें शिकवितात.

आतां निबंधांतील ती चूक. पाठीवरच्या सिलिंडरांत ऑक्सिजन नसतो. आपण या क्षणीं जी साधी हवा घेत आहों, तीच गाळून, कोरडी करून त्यांत दाबून भरलेली असते. बारा लिटरांचा सिलिंडर दोनशे पट दाबानें भरला कीं त्यांत सुमारें २४०० लिटर हवा मावते. शुद्ध प्राणवायु सहा मीटरांहून खोल घेतला तर तो विषासारखा बाधतो व झटके येऊं शकतात. तेव्हां "ऑक्सिजनची टाकी" हा शब्द निबंधांतून वगळला जावा, अशी आमची शिक्षक या नात्यानें विनंति आहे. खरा ऑक्सिजन होडीवर कोठें व कशाकरितां ठेवितात, तें शेवटीं येईल.

यापुढील भाग पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. वर ज्या कागदाचा उल्लेख केला, तो प्रकृतीविषयींच्या प्रश्नांचा असतो, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीनें त्यावर पालकांची सही लागते. घाईघाईनें, होडीच्या फळीवर कागद ठेवून, एकामागून एक "नाहीं, नाहीं" असें लिहिण्याची चाल पडली आहे. परंतु तो कागद केवळ व्यवसायवाल्याच्या बचावाकरितां आहे, हा समज चुकीचा आहे. दमा असलेल्या मनुष्याच्या फुप्फुसांत हवा ठिकठिकाणीं अडकून राहते. ती वर येतांना फुगते, हें वर सांगितलेंच. फिट येणाऱ्यास पाण्याखालीं फिट आली तर तोंडांतील रेग्युलेटर सुटतो. पूर्वीं फुप्फुस फाटून हवा छातींत शिरल्याचा आजार झाला असेल, तर हा छंद बहुधा कायमचाच वर्ज्य समजावा. हृद्रोग, इन्शुलिनवरील मधुमेह, कानाची वा छातीची शस्त्रक्रिया, क्षय किंवा कोविडचा फुप्फुसांत गेलेला आजार, यांपैकीं एकहि गोष्ट लागू असल्यास डॉक्टरांचा लेखी दाखला आणावा. आणि तो घरून निघण्यापूर्वींच आणावा, कारण मालवणच्या धक्क्यावर उभें राहून तो मिळत नाहीं. गर्भवती स्त्रियांनीं ही बुडी मारूं नये. एका लहानशा मुलानें "मला दमा आहे हें सांगूं नको, असें बाबांनीं सांगितलें" असें धक्क्यावर सर्वांदेखत म्हटलेलें आम्हीं ऐकलें आहे. त्या बापाचा चेहरा आम्हांस अजून आठवतो. मुलगा त्या दिवशीं होडींतच बसून राहिला, आणि रडला. पण तें बरें झालें.

वयाविषयीं म्हणावें तर पाडी ही या विद्येची जगभर पसरलेली शिक्षणसंस्था समुद्रांतील पहिल्या अनुभवाकरितां दहा वर्षें पूर्ण झालेलीं असावीं असें मानते, आणि अशा बुडींत १२ मीटरांपलीकडे नेत नाहीं. पण दहा वर्षांचें प्रत्येक मूल त्याकरितां तयार असतेंच असें नाहीं. जें मूल सांगितलेलें ऐकतें, घाबरलें असतां तसें बोलून दाखवितें, तें तयार. जें केवळ भावंडाशीं ईर्षेनें किंवा वडिलांच्या आग्रहास्तव निघालें आहे, तें तयार नव्हे. पोहतां न येणारासहि पुष्कळ ठिकाणीं उतरवितात, व प्रशिक्षक त्यास धरूनच असतो. तरीहि पाण्यावर निवांत तरंगतां येण्याइतकी ओळख आधीं करून घ्यावी, असें आमचें मत आहे. पाण्याची धास्ती असलेला मनुष्य श्वास कोंडतो व वरच्या दिशेनें धांव घेतो, आणि त्या दोन्ही गोष्टींचा परिणाम वर आलाच आहे.

कोणाबरोबर उतरावयाचें, हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाआधीं विचारावा. प्रशिक्षकाचें प्रमाणपत्र पाहण्यास मागण्यांत कसलाहि अपमान नाहीं; चांगला प्रशिक्षक तें हौसेनें दाखवितो. तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी स्वतंत्र संस्था असून तेथें आधीं तलावांत सराव करून घेण्याची सोय आहे. ज्यांस सवड आहे त्यांनीं या मार्गानें जावें. पाण्याखालीं एका प्रशिक्षकाकडे कितीजण असतील, हें विचारावें. पहिल्या बुडीस एकाजवळ एक हेंच उत्तम. होडींत प्रत्येकास जीवरक्षक जाकीट आहे काय, प्रथमोपचाराची पेटी व ऑक्सिजन आहे काय, समुद्र खवळला तर बुडी रद्द करून पैसे परत देतां काय, हेंहि विचारून घ्यावें. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ज्या चेहऱ्यानें दिलें जातें, त्यावरून पुष्कळ समजतें. पावसाळ्यांत हा उद्योग बंदच असतो. हंगाम साधारणतः ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंतचा, आणि त्यांतहि पाणी नितळ असेल तो दिवस चांगला.

बुडीच्या दिवशींच्या बारीकसारीक गोष्टी थोडक्यांत सांगतों. आदल्या रात्रीं पुरी झोंप घ्यावी. सकाळीं बेताचें खावें; भरपेट घावनें खाऊन होडींत बसणाराची काय गत होते, तें त्यानेंच सांगावें. पाणी भरपूर प्यावें. मद्याचा तर प्रश्नच येऊं नये. होडी लागत असेल तर मधोमध बसून दूर क्षितिजाकडे पाहावें. दागिने उतरवून ठेवावेत. चष्मा मास्कच्या आंत बसत नाहीं. नंबरची कांच बसविलेला मास्क मिळतो काय, तें आधीं विचारावें. मास्कच्या रबराखालीं केंस आले तर पाणी झिरपतें. भरघोस मिशा ठेवणाऱ्या पालकांस याचा अनुभव प्रत्यक्षच येईल. कांचेवर वाफ धरूं नये म्हणून तीवर आंतून थुंकी चोळून ती विसळण्याची जुनी रीत आहे; किळस न करितां तसें करावें.

उथळ पाण्यांत तीन गोष्टी साधल्याशिवाय पुढें जाण्यास रुकार देऊं नये. तोंडांतील रेग्युलेटर काढून पुन्हां बसवितां आला पाहिजे, व त्यांतील पाणी जोरानें श्वास सोडून किंवा मधली कळ दाबून बाहेर घालवितां आलें पाहिजे. मास्कमध्यें पाणी शिरल्यास वरची कड कपाळाशीं दाबून, मान किंचित् वर करून, नाकांतून श्वास सोडला कीं पाणी खालून निघून जातें; हें एकदां साधलें म्हणजे निम्मी भीति जाते. तिसरी गोष्ट खुणांची. पाण्यांत बोलतां येत नाहीं, आणि आवाज हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें धांवत असल्यामुळें तो कोणत्या बाजूनें आला, हेंहि समजत नाहीं. आंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ केलें म्हणजे "सर्व ठीक". पंजा आडवा धरून डोलविला म्हणजे "कांहींतरी बिनसलें आहे"; मग ज्या अवयवास त्रास आहे त्याकडे बोट दाखवावें. आणि आंगठा उभा केला म्हणजे "वर चला". आपल्याकडे "फक्कड!" म्हणण्याकरितां आंगठा उभा करण्याची रूढि पडली असल्यामुळें मौज अशी होते कीं, आनंदानें आंगठा दाखविणाऱ्या पाहुण्यास प्रशिक्षक मुकाट्यानें वर घेऊन येतो, आणि पाहुणा होडीवर येऊन भांडतो. उलटपक्षीं, खरोखरच वर यावेंसें वाटल्यास तो आंगठा दाखविण्यास कोणतेंहि कारण द्यावें लागत नाहीं, ही गोष्ट मुलांस निघण्यापूर्वीं स्पष्ट सांगून ठेवावी. पैसे भरले आहेत, हें कारण पाण्याखालीं गैरलागू आहे.

खालीं गेल्यावर काय दिसेल, याचें वर्णन करून आम्ही वाचकांचा आनंद हिरावून घेत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, तेथें सर्व वस्तु सुमारें तिसऱ्या हिश्शानें मोठ्या व जवळ आल्यासारख्या भासतात. म्हणून हात पुढें करून कांहीं धरावयास जाऊं नये. प्रवाळ हे दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यांवर पाय दिल्यास तीं मरतात, आणि आपला पाय कापतो. माशांस पाव किंवा बिस्किटें चारून फोटो काढण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. एकंदरींत फोटोचा हव्यास खालीं गेल्यावर थोडा आवरावा. हंसऱ्या चेहऱ्याच्या नादांत श्वासाचें व कानाचें भान सुटतें.

बुडी संपली म्हणजे काळजी संपली, असें मात्र नाहीं. दाटलेल्या हवेंतील नत्रवायु रक्तांत व शरीरांत मुरतो, आणि दाब एकाएकीं उतरला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे बनतात. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं बोकडांवर प्रयोग करून इ. स. १९०८ मध्यें पाणबुड्यांकरितां टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं दाबाच्या कोठडींत स्वतःला कोंडून घेऊन असेच प्रयोग केले व त्यांत कानाचे पडदे फाडून घेतले. तेच पुढें इ. स. १९५७ मध्यें भारतांत येऊन स्थायिक झाले आणि इ. स. १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें निवर्तले. लहानशा, उथळ बुडींत हा नत्रवायु अल्पच मुरतो. तरीहि एका बुडीनंतर निदान १२ तास व एकाहून अधिक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये, असा जाणकारांचा दंडक आहे. कारण उंचावर हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच जाणें हेंहि या हिशेबीं उड्डाणासारखेंच. म्हणजे सकाळीं बुडी मारून दुपारीं मोप्याच्या विमानतळावर जाणाऱ्यानें, किंवा आंबोलीच्या घाटानें वर चढणाऱ्यानेंहि, हा विचार केला पाहिजे. मुक्कामाच्या अखेरच्या सकाळीं बुडी न ठेवितां ती पहिल्या दिवशींच उरकून घ्यावी, हें सोयीचें.

बुडीनंतर सांधे दुखणें, हातापायांस मुंग्या येणें, विलक्षण थकवा, घेरी, अंगावर चट्टे, छातींत दुखणें किंवा धाप लागणें, यांपैकीं कांहींहि झाल्यास तें प्रवासाच्या दगदगीनें झालें असें समजून मुलास निजवूं नये. अशीं लक्षणें कांहीं तासांनींहि उमटतात. डॉक्टरांकडे जातांच, रुग्ण पाण्याखालीं दाबाची हवा घेऊन आला आहे, हें प्रथम सांगावें. तें न सांगितल्यास खरें कारण त्यांच्या ध्यानांत येणें कठीण. आणि लक्षणें होडीवरच दिसलीं तर रुग्णास सपाट निजवून लागलीच शुद्ध ऑक्सिजन देतात. निबंधांतली ती टाकी खरोखर हीच. ती होडीवर आहे किंवा नाहीं, हें आपण सकाळीं धक्क्यावरच विचारून ठेविलेलें असतें.